अठ्ठावीस घास आणि एक सायकल



मागच्या अष्टमीला मंदिरातून बाहेर पडताना दोघीतिघींनी मला पायरीवरच गाठलं. "काकू, सायकलनं किती किलो उतरलं?" मी म्हटलं, "सायकलनं? एकही नाही." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. पण हिशेब काढला तर उत्तर जवळजवळ तेच येतं. पायरीवर उभं राहून एवढं सगळं सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

सुरुवात सायकलीपासून नाही, नेमगिरीपासून झाली. जिंतूर माझं माहेर, आणि नेमगिरी तिथून तीनेक किलोमीटरवर. तुमच्यापैकी बऱ्याच जणी जाऊन आल्या असाल. पार्श्वनाथ भगवंतांची ती भली मोठी मूर्ती एवढ्याशा दगडावर तोललेली आहे, म्हणून तिला अंतरिक्ष म्हणतात. तिथल्या गुफांची दारं ठेंगणी आहेत, वाकून, अंग चोरूनच आत जावं लागतं. लहानपणी आम्ही उंदरासारख्या सुळकन आत जायचो.

२०२२ च्या नोव्हेंबरात भाचीच्या लग्नानिमित्त माहेरी गेले, तेव्हा सगळे मिळून दर्शनाला गेलो. मी दारात वाकले आणि गुडघ्यांनी नकार दिला. पुढून भावजयीनं हात धरून ओढलं, मागून भाचीनं ढकललं. पोरं हसली, मीही हसले. आत गेल्यावर मात्र मूर्तीसमोर बसून णमोकार म्हणायला लागले तर धाप लागलेली. पाच पदं सलग म्हणता येईनात. तेव्हा हसू गेलं.

परभणीला परत आल्यावर मुलानं तपासण्या करायला लावल्या. वजन ७८ किलो, उंची पाच फूट एक इंच. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते ती एचबीए१सी तपासणी ६.३. साडेसहाला मधुमेह धरतात, म्हणजे उंबरठ्यावर उभी होते. रक्तदाबाची गोळी आधीपासून चालूच होती. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की अमेरिकेत माझ्यासारख्या उंबरठ्यावरच्या हजारो लोकांवर अभ्यास झालाय, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी सुमारे सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं अंगमेहनत करायची असं धोरण ठेवलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी निघालं. साठीच्या पुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. मी वाणिज्य शाखेची पदवीधर, टक्केवारी ऐकली की कान टवकारतात. ७८ चे सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. आकडा आवाक्यातला वाटला. माझ्या आत्याचे शेवटचे दिवस मधुमेहानं कसे गेले ते मी पाहिलंय. तिचा पायाचा अंगठा काढला होता. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

चालायला गेले तर गुडघे बोलायचे. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवून पाहा, अंगाचा भार सीटवर जातो, गुडघ्यावर कमी येतो. सीट मात्र नीट उंच ठेवा, पाय खाली गेला की जवळजवळ सरळ झाला पाहिजे. सायकल मी जिंतूरला बारा वर्षांची असताना शिकले होते. भावाच्या मोठ्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून, कैची मारत. १९८३ साली लग्न झालं आणि सायकल सुटली. कोणी मनाई केली नव्हती. सुनेनं सायकल चालवायची असा विषयच नव्हता त्या काळी.

२०२३ च्या संक्रांतीला वाणाच्या पैशांत थोडे घालून बिनदांड्याची, बिनगिअरची साधी सायकल घेतली. हे म्हणाले, "पडलीस तर मी हाड जोडणार नाही." सून मात्र खूश. तिनं मोबाईलवर पुण्याच्या प्रीती मस्के यांची बातमी वाचून दाखवली. दोन मुलांची आई, आजारपण आणि मनाची मरगळ घालवायला सायकलवर बसली आणि २०२२ साली वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी लेह ते मनाली हे ४३० किलोमीटर ५५ तास १३ मिनिटांत एकटीनं चालवत गेली. मी म्हटलं, बाई गं, मला कृषी विद्यापीठापर्यंत जाऊन परत येऊ दे, तेच माझं मनाली.

पहिला आठवडा गल्लीतच गेला. पंजाबी ड्रेस, वर पदर नाही, चौकात भाजीवाल्यांच्या नजरा. एका बाईनं तर "घरची गाडी बिघडली का?" असं काळजीनं विचारलं. मग सरावले. देवदर्शन करून, दिवस उगवल्यावर घोटभर पाणी पिऊन निघायचं आणि विद्यापीठाच्या झाडीतल्या रस्त्यानं अर्धा तास फेरी मारायची. आठवड्यातून पाच दिवस. दोन्ही बाजूंना ज्वारी आणि तुरीची शेतं, सकाळचा गारवा. खरं सांगते, इतक्या वर्षांत स्वतःच्या मनानं कुठे जाऊन यायची पहिलीच सवय मला लागली.

तीन महिन्यांनी काट्यावर उभी राहिले. ७८ किलो ६०० ग्रॅम.

मी काट्यातले सेल बदलले. तरी तेच. मग वही घेतली आणि दुकानाची खतावणी लिहावी तशी एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे मांडलं. माझ्या वजनाच्या बाईनं रमतगमत अर्धा तास सायकल चालवली तर सुमारे दीडशे कॅलरी खर्ची पडतात. आणि मी फेरीहून आले की काय करायची? "आज सायकल झाली" म्हणून डब्यातला बेसनाचा लाडू खायची. लाडू मोठा असेल तर दीडशे कॅलरी तिथेच फिटल्या, वर थोड्या उरल्या. सायकलीनं भूक वाढवली होती आणि वर मला परवानगीही देऊन टाकली होती.

मग स्वयंपाकघराचा हिशेब. आमच्याकडे पाच माणसं आणि तेलाचा पंधरा किलोचा डबा दोन महिन्यांत संपायचा. भागाकार करा. माणशी रोज पन्नास ग्रॅम. एका ग्रॅमच्या नऊ कॅलरी धरल्या तर साडेचारशे कॅलरी नुसत्या तेलातून, आणि तूप त्यात धरलेलंच नाही. आपण कांदा-लसूण, बटाटा सोडलेल्या बायका. "आपलं जेवण सात्त्विक" असं मी अभिमानानं सांगायचे. कंदमूळ नाही हे खरं, पण कच्च्या केळ्याचे काप, मुगाच्या डाळीची भजी, पुरी, सांजोरी, हे सगळं तेलातच तर पोहत होतं.

मी फोडणीला पळीऐवजी चमचा घेतला. तळण रोजचं होतं ते सणापुरतं केलं. आता तोच डबा तीन महिने पुरतो, म्हणजे माणशी तेहतीस ग्रॅम. वाचलेल्या सतरा ग्रॅमच्या कॅलरी किती? दीडशेच्या आसपास. सायकलवर घाम गाळून जे मिळत होतं, तेवढंच पळी बदलून मिळालं! एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. नुसत्या सायकलनं, लाडू न खाता, रोज न चुकता गेलं तर किलोभर उतरायला पन्नासेक दिवस. दोन्ही मिळून पंचवीस-सव्वीस. कागदावर तरी. शरीर काही इतकं प्रामाणिक हिशेबनीस नसतं, ते मध्येच वही मिटून बसतं.

ओळखीतून एका आहारतज्ज्ञ मुलीनं तक्ता करून दिला होता. बिचारीनं मन लावून केलेला. त्यात सकाळी गाजर-बीटचा रस, दुपारी काकडी आणि मोडाचं धान्य कच्च्या दह्यात, रात्री साडेआठला सूप. मी तो देवघराच्या कपाटात ठेवला आणि आपला तयार केला. गाजराऐवजी दुधी, पडवळ, दोडका, काकडी. दही आणि डाळ एका ताटात आली की द्विदल होतं, म्हणून डाळ दुपारी आणि ताक वेगळं, सकाळी. पोह्यांच्या जागी कधी मुगाचं धिरडं, कधी सुशीला, पण सुशीलात तेल मोजून. चपाती एकच, बाकी ज्वारीची भाकरी. आपल्या परभणीच्या विद्यापीठानं ज्वारीचे वाण काढलेत, 'परभणी मोती' सगळ्यांना माहीत आहे. आता लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' आहे. आम्ही मात्र पाहुणे आले की भाकरी लपवायचो आणि पुऱ्या काढायचो.

वेळेचं मात्र आपल्याला शिकायला कुठे जावं लागत नाही. आठवतं का, २०१८ च्या सुमारास घराघरात दीक्षित की दिवेकर असा वाद चालायचा? लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगायचे, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही खाऊ नका आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ मांडणी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची. ऋजुता दिवेकर म्हणायच्या, थोडं थोडं दर दोन तासांनी खा. माझ्या श्वेतांबर मैत्रिणी हसायच्या, दीक्षितांचं म्हणजे आपलं बियासणंच की. मी दोन्हींतलं कुठलंच पूर्ण केलं नाही. दिवस मावळायच्या आत जेवायचं हे आपल्याकडे आहेच. पण आमच्या घरी त्याचा अर्थ असा झाला होता की साडेपाचला भरपेट जेवायचं, कारण पुढे काही मिळणार नाही. परभणीत डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य जातो, जूनमध्ये सातला. हिवाळ्यात तर दुपारचं जेवण जिरायच्या आत संध्याकाळचं ताट पुढ्यात. भूक लागायच्या आधी, केवळ भीतीनं खाल्लेले ते घास.

आता जे लिहायला जीव कचरतो ते लिहिते. मे महिन्यातली चतुर्दशी होती. मंदिरात एकाशनाचा नियम घेतला. मनात मात्र काट्याचाच आकडा होता. एकाशन अधिक सायकल, दुहेरी फायदा, असा व्यापारी विचार. त्या दिवशी आधी पूजा झाली, त्यामुळे निघायला नऊ वाजले. पाण्याचा थेंब पोटात नाही, रक्तदाबाची गोळीही राहिलेली, आणि परभणीचं मे महिन्यातलं ऊन. परतताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी सायकलसकट रस्त्याच्या कडेला पडले. कोपर सोललं. एक शिकणारा मुलगा धावत आला, सावलीत बसवलं, स्वतःची बाटली तोंडाला लावली. आणि मी प्याले. गाळलेलं नाही, वेळेचं नाही, नियमातलं नाही. घटाघटा प्याले.

घरी कोपराचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं नाही. रात्री झोप लागेना. नियम मोडला याचं दुःख होतंच, पण दुसरीच गोष्ट जास्त टोचत होती. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "पोटासाठी करायचं ते लंघन, आत्म्यासाठी करायचं ते तप. दोन्हीत उपाशीच राहतो, पण गल्लत करू नये." मी देवासमोर हात जोडून लंघनाला तपाचं नाव दिलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त घेतलं, डॉक्टरांकडेही गेले. त्यांनी चांगलंच झापलं. मैत्रिणींनो, रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारा, गोळ्यांचं काय करायचं ते ते सांगतील. साखरेची गोळी घेऊन उपाशी सायकलवर तर मुळीच बसू नका. माझ्याकडे तेव्हापासून अष्टमी-चतुर्दशीला सायकल जिन्याखाली असते.

पावसाळ्यात तिला तशीही सुट्टी. मृगाचा पाऊस पडला की विद्यापीठाच्या रस्त्यावर ते लाल मखमली किडे, गोगलगायी, पैसे इकडून तिकडे जात असतात. एक फेरी मारली आणि दुसऱ्या दिवशी जाववेना. चालताना निदान पायाखाली पाहता येतं, चाकाखाली काय आलं ते कळतही नाही. मुलानं आणलेली आणि पाच वर्षं कपडे वाळत घालायला वापरलेली जागेवरची सायकल होती, तिच्यावरचे टॉवेल काढले. चार महिने भिंतीकडे तोंड करून पायडल मारलं. सगळ्यात कंटाळवाणे महिने तेच. चातुर्मासात पालेभाजी बंद, मग भाज्यांचं पुन्हा अडतं. दुधी खाऊन खाऊन घरच्यांनी माझं नाव दुधीबाई ठेवलं.

तरी भाद्रपदापर्यंत ७६ किलोवर आले. मग दशलक्षण आले. मी दहाही दिवस एकाशन केलं, या वेळी खरोखर तपाच्या भावानं, सायकल बंद ठेवून. आणि अकराव्या दिवशी वजन ८०० ग्रॅमनी वाढलेलं! दहा एकाशनं करून वजन वाढलेली मी एकटीच आहे का, हे मंदिरात हळूच विचारलं, तर पाच जणी निघाल्या. कारण उघड आहे. एकदाच जेवायचं म्हणून ताटात शिरा, खीर, पुरी, सुक्या मेव्याची वाटी, आणि घरचे आग्रहानं "अजून घे, उद्यापर्यंत काही नाही" म्हणत वाढतात.

दशलक्षणात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात, हे तुम्हाला सांगायला नको. नवव्या दिवशी नववा अध्याय. इतकी वर्षं ऐकलेला, त्या दिवशी कानात शिरला. बाह्य तपं सहा, त्यातलं पहिलं अनशन आणि लगेच दुसरं अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणं. पंडितजींनी आपल्या आचारग्रंथांतलं माप सांगितलं. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घास, स्त्रीचा अठ्ठावीस. त्यातून एक घास जरी कमी केला तरी ते अवमौदर्य.

घरी आल्यावर मी मोजले. सेहेचाळीस. आणि माझे घास काही लहान नाहीत.

अनशन आपल्याला जमतं हो. आठ उपवास केले की मंदिरात अनुमोदना होते, माहेरची माणसं येतात, फोटो निघतो. एक घास कमी खाल्ला तर त्याचा फोटो कोण काढणार? भूक शिल्लक असताना ताटावरून उठायचं, भाजी चांगली झालेली असताना, सून आणखी अर्धी भाकरी घेऊन उभी असताना. मला विचाराल तर एकवेळ उपवास सोपा. मी आजही अठ्ठावीसवर पोहोचलेले नाही. बत्तीस-तेहतीसवर थांबते, म्हणजे पुरुषांच्या मापात बसले एवढंच. आणि हे वजनासाठी करते की तपासाठी, ते रोज तपासून पाहावं लागतं. वजनासाठी असेल त्या दिवशी मी त्याला तप म्हणत नाही, पथ्य म्हणते.

हिवाळ्यात पुन्हा रस्त्यावर आले. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. पाणी आता गाळून, उकळून, बाटलीत घेऊन जाते. लाडवाचा डबा सुनेनं वरच्या फळीवर ठेवलाय, तिथे माझा हात पोहोचत नाही. हे स्वतः पडायच्या भीतीनं येत नाहीत, पण चाकात हवा भरून ठेवतात.

सध्याचा आकडा ७१ किलो ५०० ग्रॅम. साडेसहा किलो उतरले, सात टक्क्यांच्या वरच. एचबीए१सी ५.९. उंबरठा अजून ओलांडून अंगणात आलेले नाही, पण घरात जायचंही टळलंय. तक्त्याप्रमाणे मी अजूनही लठ्ठच. आपल्या भारतीयांना ती रेघ इतरांपेक्षा खालीच आखलेली आहे म्हणे. असो.

२०२४ च्या फेब्रुवारीत जिंतूरला गेले तेव्हा भाच्याची सायकल घेतली आणि पहाटेच्या गारव्यात नेमगिरीला निघाले. चढावर उतरून ढकलत नेली, त्यात काही कमीपणा वाटला नाही. भाचा मोटारसायकलवर मागून हळूहळू येत होता, आत्याला काही झालं तर म्हणून. गुफेच्या दारात चपापले. मग अंग चोरलं, वाकले, हात जमिनीला टेकवले आणि एकटी आत गेले. पाच पदं म्हटली, पुन्हा म्हटली, माळ पूर्ण केली.

बाहेर येताना मात्र गुडघा अडला. "अरे, हात दे रे जरा," म्हणून भाच्याला हाक मारली.